काठावरचा दहा

१४ जानेवारी, मंगळवार
...आणि दहावी गोळीही सातात. टार्गेट तारेवरून सरकत जवळ आलं तेव्हा मी कागदाकडे बघितलंच नाही, पिस्तुलाकडे बघत होतो. कागदाचा काय दोष.
तीनशेपैकी २५७. ऑक्टोबरपर्यंत २६८ कधी चुकले नाहीत.
आपल्या नेमबाजी क्लबात नवरा-बायको एकमेकांची टार्गेटं तपासतात, पहिल्यापासून. व्हर्ना ऑक्टोबरात एरी शहरात बहिणीकडे गेल्यापासून मी ग्लेंडाच्या वाट्याला आलो. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पितळी गेज. भोक रेषेजवळ दिसलं की त्यात गेज खुपसते. गेजची कड रेषेला टेकली तर वरचा आकडा, नाहीतर खालचा. तिची टेकतच नाही. म्हणाली, ऑरिन, काठावरचे सगळे खाली घसरतायत रे तुझे.
ट्रिगर जड झालाय. तीस वर्षं लोकांच्या तळघरांत घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. यंत्र बिघडतं, माणूस तोच असतो.

१६ जानेवारी
कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन याद्या केल्या. काम करून घ्यावं: नवा ट्रिगर, हाताच्या मापाची अक्रोडाची मूठ, स्पर्धेसाठीची नवी नळी. करून घेऊ नये: काही सुचलं नाही. ती बाजू व्हर्ना भरायची.

१९ जानेवारी, रविवार, दुपार
व्हर्नाला फोन. तिच्या बहिणीचा, पॉलीनचा, बदललेला खुबा कसा आहे विचारलं. म्हणाली, ती बोलिंगला गेलीये. नव्या खुब्यावर इतक्यात बोलिंग म्हणजे अतिच झालं. कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच तिच्यावर. व्हर्ना अजून महिना-दोन महिने तिकडे लागणार.
तिला सांगितलं, मार्चमधल्या जोडप्यांच्या मॅचला दोघांची नावं दिली आहेत. विसावं वर्ष. सगळा घोळ माझ्या पिस्तुलाचा होता, आता ते पार बदलून टाकतोय.  ती म्हणाली, पिस्तुलाचा प्रश्न कधीच नव्हता, ऑरिन.
तो ट्रिगर तिने स्वतः ओढून बघितलेला नाही. त्यामुळे तिचं असं मत.

२५ जानेवारी, शनिवार
बंदुका दुरुस्त करणाऱ्या झिगीच्या दुकानात. बर्फ गुडघाभर. त्याने पिस्तूल उलटसुलट केलं, ट्रिगर चारदा ओढला. म्हणाला, याला काय झालंय? माझ्या स्वतःच्या पिस्तुलाचा ट्रिगर असा असता तर मी दुकानावर पाटी करून लावली असती. मी म्हटलं, बसव नवा. म्हणाला, आधी शिकंज्यात धरून दहा गोळ्या झाडून बघू, दोष तुझा की पिस्तुलाचा ते पाच मिनिटांत कळेल. मी म्हटलं, पाच मिनिटं कुणाकडे आहेत? म्हणाला, तुझ्याकडे. निवृत्त झालायस.
झिगी कारागीर चांगला आहे. बोलतो फार.
ट्रिगरची ऑर्डर दिली.

२ फेब्रुवारी
नियमांचं पुस्तक पुन्हा वाचलं. सहा वर्षांपूर्वीची जोडप्यांची मॅच आठवली. दुसरे आलो होतो, एका मार्काने. व्हर्नाची शेवटची गोळी अगदी काठावर. मी गेज घातलं, नऊ सांगितला. ती म्हणाली, पुन्हा बघतोस का? मी म्हटलं, नियम आहे, गेज एकदाच. सगळा क्लब बघत होता. परत येताना गाडीत तिने रेडिओ लावला होता. विषय पुन्हा कधी काढला नाही, म्हणजे तिला पटलं असणार.
तेव्हाच माझा ट्रिगर हलका असता तर तो एक मार्क मीच काढला असता. सगळ्याचं मूळ तिथे आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नवा ट्रिगर. लोण्यात सुरी जावी तसा. २५६.
मूठ. उघड आहे. इतक्या हलक्या ट्रिगरला जुनी मूठ कशी चालेल?

१३ फेब्रुवारी
मूठ बनवणाऱ्याचा फॉर्म आला. हात कागदावर पसरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाकडून भोवती पेन्सिल फिरवून घ्या. 'दुसऱ्या कुणाकडून' खाली रेघ मारलेली.
स्वैपाकघरातल्या टेबलावर हात ठेवून थोडा वेळ बसलो. मग डाव्या हाताने स्वतःच काढलं. पेन्सिल करंगळीपाशी दोनदा घसरली. चालून जाईल.

१ मार्च, शनिवार
मूठ आली. झिगी बघतच राहिला. म्हणाला, हे माप कुणाचं आहे, अस्वलाचं? करंगळीच्या खाचेत माझा अंगठा जातोय. त्याच्या बायकोने आतून विचारलं, पिएरोगीच्या उकडलेल्या करंज्या खाणार का? मी म्हटलं, घरी वाट बघतायत. कोण, ते तिने विचारलं नाही.
खाचेत थोडी चिकटपट्टी भरली. आता घट्ट बसते. नळी पुढच्या आठवड्यात.

७ मार्च, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण. ग्लेंडा समोर बसली. म्हणाली, व्हर्ना येणार आहे ना रे मॅचला? की यादीतून नाव काढू? मी म्हटलं, काढायचं काय त्यात, येणारच. म्हणाली, तिने मला काही कळवलेलं नाही. मी म्हटलं, बहिणीच्या खुब्यामुळे गडबडीत आहे. ग्लेंडाने लिंबू पिळलं आणि माझ्याकडे तशीच बघत राहिली, गणित चुकलेल्या पोराकडे बघावं तशी.

८ मार्च, शनिवार
नळी बसली. झिगीने या वेळी विचारलंच नाही, पिस्तूल सरळ शिकंज्यात धरलं. हात नाही, श्वास नाही, फक्त लोखंड. दहा गोळ्या. सगळ्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. मी म्हटलं, बघ! पैसे वसूल.
 त्याने नवी नळी काढून जुनी बसवली. जुना ट्रिगर बसवला. पुन्हा दहा. त्याही त्याच नाण्याखाली.
म्हणाला, ऑरिन, हे पिस्तूल चुकतच नव्हतं. आधीही नाही, आताही नाही.
मी म्हटलं, मग माझे अकरा मार्क गेले कुठे?
तो हात पुसत होता. म्हणाला, ऑक्टोबरपर्यंत मोजत कोण होतं?
पुन्हा सगळं नवं बसवून घेतलं. एवढं केलंय तर असू दे.

९ मार्च, रविवार, सकाळ
झिगीचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं.

९ मार्च, दुपार
तळघरातून खोकं वर आणलं. एकोणीस वर्षांची टार्गेटं, रबरबँड लावून, वर्षांप्रमाणे. व्हर्नाने लावून ठेवलेली.
माझी भोकं जशीच्या तशी. बारीक, कडा अखंड. काठावरच्या एकाही भोकात गेज गेलेलं नाही. शेजारी तिच्या पेन्सिलने दहा, दहा, नऊ, दहा. तिच्या टार्गेटांवर काठावरचं प्रत्येक भोक गेज घातल्याने रुंद झालेलं. शेजारी माझ्या अक्षरात नऊ, आठ, नऊ.
सहा वर्षांपूर्वीच्या मॅचचा गठ्ठा वेगळा काढला. माझे २६८. आज मी गेज घेऊन एकेक तपासलं. २५७ भरले. दोनदा मोजलं. गेज एकदाच घालायचं असतं हे माहीत असून.
तिने अकरा दिले होते. मी एक कापला होता.

१० मार्च
नीट विचार केला. प्रश्न जेवढा वाटत होता तेवढा मोठा नाही. एका मार्काचा आहे. एक मार्क परत करता येतो.

१६ मार्च, रविवार
फोन. खोक्याबद्दल बोललो नाही. व्हर्ना म्हणाली, मी मॅचला येते. ग्लेंडाचा फोन आला होता. तसंही उरलेलं सामान न्यायचंय, एकाच फेरीत होईल.
येते म्हणाली!

२८ मार्च, शुक्रवार
घर झाडलं. तिच्या दुर्बिणीच्या तिवईचे पाय पुसले, एकोणीस वर्षं माझ्या मागे उभी राहून ती यातून बघायची आणि सांगायची, सात, घड्याळातल्या चारच्या बाजूला. ऑरिन, मनगट. तळघरातली भट्टीही साफ केली. चादर बदलली. उद्याचं ठरलंय: तिची काठावरची गोळी आली की दहा म्हणायचं, एकदाच, मोठ्याने. पुढचं आपोआप होईल.

२९ मार्च, शनिवार, संध्याकाळ
ती पॉलीनच्या गाडीतून आली. केस कापलेत. चांगले दिसतात. तसं म्हणालो नाही.
आधी मी. ती तिवईमागे उभी राहिली, जशी नेहमी. आकडा सांगितला नाही, मनगट म्हणाली नाही. मी विचारलं, दिसतंय ना? म्हणाली, दिसतंय.
मग ती. तिच्या शेवटच्या टार्गेटवर शेवटचं भोक अगदी काठावर आलं. जणू माझ्यासाठीच आलं. टार्गेट हातात घेतलं आणि मोठ्याने म्हणालो, दहा.
ती म्हणाली, गेज नाही घातलंस.
मी म्हटलं, दिसतोय दहा. आहेच दहा.
तिने ग्लेंडाच्या टेबलावरचं गेज उचललं, भोकात घातलं, वाकून बघितलं. बराच वेळ. मग पेन्सिल घेऊन स्वतःच लिहिलं. म्हणाली, नऊ आहे, ऑरिन.
मी म्हटलं, दहा घे ना. एवढा एक घे.
हळू बोललो असं वाटलं होतं, पण ग्लेंडाने मान वर केली.
व्हर्ना म्हणाली, आता नको रे.
मग माझी टार्गेटं माझ्याकडे दिली. काठावरच्या प्रत्येक भोकाची कड रुंद झालेली. २५४. नव्या ट्रिगरने, नव्या मुठीने, नव्या नळीने. ती म्हणाली, हे खरे आहेत. बाकीचे मी दिलेले होते, तुला बरं वाटायचं म्हणून. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, कधीपासून? मी म्हटलं, तीन आठवडे. ती थोडी हसली. म्हणाली, मला एकोणीस वर्षं माहीत होतं.
सहा जोडप्यांत पाचवे.
शिलाई मशीन, दोन कोट आणि तिच्या आईची लोखंडी कढई मीच गाडीत ठेवून दिली. तिवई घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, मला कुणासाठी लागणार? पॉलीनने काच खाली करून हात केला. खुबा अगदी ठीक दिसला.

३० मार्च, रविवार
सकाळी आठला जुना ट्रिगर, जुनी मूठ आणि जुनी नळी खोक्यात घालून पिस्तुलासकट झिगीकडे गेलो, परत बसवून घ्यायला. दुकान बंद होतं. खोकं शेजारच्या सीटवर ठेवून घरी आलो.