दोन कॅमेरे, एक डोळा

चाचा, आता कॅमेऱ्यात आरसाच नसतो. तुम्हाला थट्टा वाटेल, पण खरंच काढून टाकला. तुमच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा खटकन वर जायचा आणि नेमकं त्याच वेळी डोळ्यापुढे काळोख व्हायचा. आपण काय टिपलं ते आपल्यालाच दिसायचं नाही. रोल धुऊन होईपर्यंत जीव टांगणीला. आता फोटो काढायच्या आधीच दिसतो, चाचा! उजेड जास्त झाला तर आधीच पांढराफटक दिसतो, कमी पडला तर आधीच काळा. तुम्ही दारात उभे राहून, उन्हाकडे डोळे बारीक करून जो अंदाज बांधायचे, तो आता यंत्र बांधतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हे आतून कसं चालतं ते मला सांगता येणार नाही. पण असे दोन कॅमेरे महिनाभर माझ्या हातात आहेत आणि कोणाला सांगू असं झालं आहे.

तुम्ही मला जिथे हे काम शिकवलं, त्या चिमूरच्या तुमच्या स्टुडिओत आता माझी मुलगी बसते. जुना कॅमेरा बंद पडला तेव्हा तिने चंद्रपूरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून हे दोन वापरून बघायला आणले. एक ठेवायचा, एक परत करायचा. ती लग्नांच्या कामात बुडालेली, म्हणून मला म्हणाली, "बाबा, तुम्हीच दोन्ही चालवून पाहा अन् सांगा. मले टाइम नाई." मी वरवर कुरकुर केली, पण आतून नवरदेवासारखा फुललो. आणि लगेच घाबरलो. कारण चाचा, माझ्या उजव्या डोळ्यात पडदा आला आहे, आणि डावा कधीच कामाचा नव्हता. तिला सांगितलेलं नाही. सांगितलं की ती मायेनेच म्हणेल, बाबा, आता गल्ल्यावर बसा. तेव्हा मी नुसते कॅमेरे तपासत नव्हतो. मी अजून फोटोग्राफर आहे की नाही, तेही तपासलं जात होतं.

एकाला मी मोठा म्हणतो, एकाला धाकटा. धाकटा हलका, सदऱ्याच्या खिशात जवळजवळ मावतो. सगळे म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला हाच बरा. पहिला आठवडा मीही त्याच्याच प्रेमात होतो. दुकानात पासपोर्टचे फोटो काय सुंदर काढतो! पण त्याला डोळा लावायची खिडकीच नाही. मागच्या पडद्यावर बघत, हात लांब करून धरायचा. आपल्याकडच्या चैती उन्हात त्या पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि लांब केलेले हात माझे थरथरतात. शाळेच्या मैदानात मी पोरांचा फोटो काढला, त्यात मास्तरांचं डोकंच नाही. मोठा जड. गळ्यात अडकवला की मान दुखते, बॅटरी लवकर खातो, आणि त्याच्या मेनूत शिरलं की ताडोब्यात वाट चुकल्यासारखं होतं. पण त्याला खिडकी आहे. आत माणूस आला की त्याच्या डोळ्यावर एक हिरवा चौकोन येऊन बसतो, म्हणजे फोकस नेमका तिथे लागला. माणूस हलला की चौकोन हलतो. मला पापण्या दिसत नाहीत, पण चौकोन लख्ख दिसतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी एकटाच दुकानात ओरडलो, "अरे वा रे पठ्ठे!"

परवा धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावी गेलो. एका घरच्यांना त्यांच्या म्हातारीचा फोटो हवा होता, फ्रेम करून भिंतीवर लावायला. मुलीने मोटारसायकल चालवली, मी मागे दोन्ही कॅमेरे पोटाशी धरून. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, सगळीकडे तो गोड, जड वास. म्हातारी खाटेवर बसली, पदर सारखा केला. मी सवयीने म्हणालो, "श्वास धरा." तिने धरला. मी मोठ्या कॅमेऱ्याने चार-पाच फोटो काढले आणि पडद्यावर बघत बसलो. म्हातारी हलेना. गाल फुगलेले, डोळे बाहेर. तिची नातसून किंचाळली, "अवो आजी, सोडा ना आता!"

आजीने भुस्सकन श्वास सोडला. "झाला का जी फोटू?"

"झाला ना आजी."

"खोटा बोलते हा बुढा. आवाज कुठी आला?"

चाचा, मला तुमची टपली आठवली. मी नवा होतो. एका नवरदेवाचा फोटो काढला आणि "झालं" म्हणायला विसरलो. तो बिचारा कोटात लालबुंद होत बसून राहिला. तुम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीतून हात पुसत आलात आणि माझ्या डोक्यात टपली मारलीत. "अबे, निकला तो बोल ना! माणूस काय सांस रोकून मरते का?" मग नवरदेवाला तुम्ही चहा पाजलात आणि मला नाही.

मी मुलीकडे पाहिलं. ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. "त्याले आवाज आहे बाबा. मीच बंद करून ठेवला. लग्नात भटजी चिडतेत ना, कटकट होते म्हणून." तिने मेनूत काहीतरी केलं. मी पुन्हा मोठा डोळ्याला लावला, कोपरं बरगड्यांना टेकवली, तुम्ही शिकवलंत तसं. कॅमेऱ्याचं वजन तळहातावर बसलं आणि चाचा, माझा हात थांबला. थरथर नाही. धाकट्याच्या हलकेपणाने जे जमलं नव्हतं ते त्या जडपणाने केलं. चौकोन आजीच्या डोळ्यावर बसला. खट्!

"हां," आजी म्हणाली, "आता निघाला," आणि मोकळी हसली. ते हसू मी लगेच दुसऱ्या खट्ला धरलं.

दुकानात येऊन मुलीने तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, आणखी मोठा केला. पापणीन् पापणी वेगळी. ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग म्हणाली, "बाबा, असा तर मले बी नाई जमत." मी म्हणालो, "मग मोठाच ठेव." ती म्हणाली, "ठेवतोच. पण मले लग्नात लागन, तुमाले बाहेरच्या कामाले लागन. भांडाचं नाई." भांडायचं नाही म्हणे! मला त्याच्यासाठी कोणाशी तरी भांडायचं आहे, या वयात, हीच केवढी गोष्ट.

उद्या आम्ही दोघं बसने चंद्रपूरला जाऊ, धाकटा परत करायला. डोळ्याचा दवाखाना तिथल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानाजवळच आहे. वरोरा येईपर्यंत तिला सांगून टाकायचं असं ठरवलं आहे. माझं काय, त्यापुढची भद्रावतीही निघून जाईल. पण सांगेन. काम हातात आहे हे कळल्यावर सांगायला तेवढं भय वाटत नाही.

हे पत्र तुम्ही गेलात तिथे पोचणार नाही आणि मी ते टपालात टाकणारही नाही. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. रोज सकाळी दुकान उघडलं की मी मोठा कॅमेरा भिंतीवरच्या तुमच्या फोटोवर धरतो. मुलगी विचारते, काय करून राह्यले, तर म्हणतो, तपासून राह्यलो. माझ्या खुर्चीवरून तुमचा चेहरा आता मला दिसत नाही, चाचा. नुसता करडा डाग दिसतो. चौकोन तुमच्या डोळ्यावर जाऊन बसतो, तेव्हा कळतं, तुम्ही तिथे आहात.