ओट्यावर राहिलेली बाटली

ठमे,

उद्या मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानावरच्या गाण्यांच्या महोत्सवाला जाणार आहे. तुझे बाबा म्हणतात, "डोकं फिरलंय तुझं." फिरू दे. टोपी घेतली, सुती ओढणी घेतली, तुझे लाल बूट दोन-दोन मोजे घालून पायात बसवले.

गेल्या वर्षी तू तिथे निघालीस तेव्हा तुझी बॅग मीच तपासली. कारखान्याच्या गेटवर वीस वर्षं बायकांच्या पिशव्या तपासतेय, घरी तरी हात गप्प कसा बसेल? तिकिटामागे लिहिलं होतं, बाहेरचं पाणी आणू नये. मी तुझी भरलेली बाटली काढून ओट्यावर ठेवली. "अगं आई, राहू दे की!" तू चिडलीस. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. दुपारी भर उन्हात, नळापासून लांब, गर्दीत तू कोसळलीस ती उठलीच नाहीस.

तिकिटावरची त्या नियमाखालची ओळ मी नंतर वाचली. रिकामी बाटली चालेल, आत भरून घ्यावी.

म्हणून उद्या तीच बाटली नेणार आहे. वर्षभर तिचं झाकण उघडलेलं नाही. आत अजून तू भरलेलं पाणी आहे. बाटली गेटमधून आत न्यायची असेल तर ते ओतावं लागेल. सकाळपासून तीनदा मोरीपाशी जाऊन परत आले.

तुझी नियमवाली,
आई