शेजारचा पलंग

हट्टी ताई,

तू ऐन वेळी पाय मागे घेतलास, म्हणून मी एकटीच जहाजावर चढले. जहाज कसलं, तरंगणारं गावच! पण खोलीत शेजारी तुझा पलंग रिकामा, म्हणून पहिल्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करूनच झोपले.

आईची शिस्त मेली अजून सुटत नाही. रोज उठल्याबरोबर मी चादर ताणायचे, उशा झटकून जागेवर ठेवायचे. काल खोली आवरणारी मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, सगळं तुम्हीच आवरलंत, तर सुपरवायझरबाईंना वाटेल मी इकडे फिरकलेच नाही. जरा पसारा करा की!"

साठी उलटल्यावर पसारा करायची परवानगी मिळाली, ताई! आज अंथरूण तसंच टाकून डेकवर गेले आणि आयता चहा घेऊन समुद्राकडे बघत बसले. चहा निवून गेला, तरी कुणी हाक मारली नाही.

भावोजी गेल्यापासून तू नुसती घर आवरत बसली आहेस. अगं, तिथे आता विस्कटायला उरलंय कोण?

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते वाचशील, नीट घडी घालशील आणि म्हणशील, "बघू पुढे." त्यापेक्षा उतरल्यावर थेट तुझ्या दारात येते.

आणि हो, सकाळी जाताना तुझ्या पलंगावरची चादरही मुद्दाम विस्कटली होती. परतले तेव्हा ती मुलगी दोन्ही पलंग आवरत होती. म्हणाली, "दुसऱ्या मावशी दिसल्या नाहीत कुठे?"

म्हटलं, "येतेय ती."

पसारा शिकणारी,
तुझी धाकटी