पांढऱ्या कानाची शेळी

श्री. देवरामदादा यांना चांगोचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणतंय? वहिनींचा खोकला गेला का? आटगावला सकाळचा गारवा सुरू झाला असेल, कानाला गुंडाळून बसत जा. निरगुडीचा पाला पाठवतोय, तो गरम करून गुडघ्याला बांधा. माझं विचाराल तर प्रकृती उत्तम आहे. फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि दाराची कडी वाजली की मी कणगीमागे जाऊन उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, हा गडी फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहीत बसला. दादा, आमच्याकडचा फोनचा टॉवर कोणाच्या जमिनीत उभा आहे? प्रज्वलशेठच्या. आपण बोलतो ते आधी त्या लोखंडी खांबातून जातं आणि मग आटगावला पोचतं. मधे कोण कान लावून बसलंय, काय भरवसा? (आमची अक्षदा म्हणते, बाबा, असं काही नसतं. ती मुरबाडला कॉलेजात जाते. शिकलं की माणसाला कशाला घाबरायचं तेच कळेनासं होतं.) म्हणून हे पत्र नवशाच्या हाती देतोय, तो भाजीचा टेम्पो घेऊन तुमच्या बाजूला येतोच. हल्ली तो माझ्याकडे बघून उगाच हसतो. तोही शेठचा माणूस झाला की काय, अशी एक शंका आहे, पण दुसरा टेम्पो नाही.

पंचायत समितीची निवडणूक झाली ते तुमच्या कानावर आलं असेल. पत्र भलत्याच्या हाती पडलं तर नसती आफत नको, म्हणून पक्षांची नावं लिहीत नाही, चिन्हं लिहितो, आणि चिन्हंसुद्धा बदलून. कपाट, छत्री आणि किटली असं समजा. कपाट म्हणजे प्रज्वलशेठ. छत्री म्हणजे आमच्या भावकीतला ज्ञानेश्वर. किटली म्हणजे डोंगराकडच्या वाडीतली हिरी, जी धसईच्या बाजारात तुमच्या बहिणीच्या, शकूच्या शेजारी रानभाजीची टोपली घेऊन बसायची. (माणसांची नावं मात्र खरी लिहिली गेली. आता खोडली तर आणखी संशय येईल, राहू द्या.)

शेठचं गेट तुम्ही पाहिलंय. ओढ्याकडच्या जमिनी त्यानं घेतल्या, प्लॉट पाडले, मुंबईवाल्यांना विकले, भोवती कुंपण घातलं आणि आमच्या शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर निळं गेट बसवलं. वाट पूर्वी सगळ्यांची होती. आजही सगळ्यांचीच आहे असं शेठ स्वतः हात जोडून सांगतो, फक्त कुलूप त्याचं आहे. आणि या घडीला आमचं भात कापून गेटाच्या पलीकडे शेतात पडलंय. भारे खळ्यावर आणायचे तर त्याच गेटातून. आभाळ रोज दुपारी भरून येतं. आमचं वर्षाचं खाणं तिथं उघड्यावर आहे, दादा, आणि एका माणसाच्या मनात आलं तर ते तिथंच कुजेल. पुढे मी बरंच काही लिहिणार आहे, पण भीतीचं मूळ एवढंच.

तर झालं असं की दिवाळीच्या वाघबारशीला शेठनं गावातल्या सगळ्या पुरुषमंडळींना गाड्यांत घालून वाघोबाकडे नेलं. वाघोबाचा दगड आमच्या वेशीवर. चालत गेलो असतो तर तंबाखू मळून व्हायच्या आत पोचलो असतो. पण एकदा गाडीत बसवला की माणूस अर्धा आपला होतो, हे शेठला पक्कं ठाऊक. प्रत्येकाच्या एका हातात नारळ, दुसरा हात दगडावर, आणि म्हणायचं, ‘कपाट सोडून दुसऱ्याला मत दिलं तर वाघोबा माझ्या दावणीचं जनावर नेईल.’ मी म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. आमचा शेजारी कमळू तर इतक्या जोरात म्हणाला की झाडावरचे बगळे उडाले. बायकांना कोणी नेलं नाही. पुरुषानं शपथ घेतली की ती अख्ख्या घराची झाली, अशी आमच्याकडची समजूत. संध्याकाळी ज्ञानेश्वर आला. भावकीतला माणूस, उद्या मयताला खांदा द्यायला तोच येणार, त्याला नाही कसं म्हणू? पुन्हा तोच दगड, तोच मी, फक्त नारळ लहान. (छत्रीची ऐपत बेताची आहे.)

राहिली हिरी. ती शपथ मागायला आलीच नाही. घरी आली, चहा प्यायली, शकूशी भाताबद्दल बोलली, गेटापर्यंत चालत गेली, कुलूप हातात घेऊन बघितलं आणि निघाली. मी जास्तच घाबरलो. दोघं शपथ घालतात म्हणजे त्यांना आपली थोडीतरी भीती आहे. हिला ती नाहीच, म्हणजे हिच्या मागे कोणीतरी फारच मोठं असणार! मीच नारळ घेऊन तिच्या मागे धावलो आणि म्हटलं, बाई, माझी शपथ तेवढी घेऊन जा. ती म्हणाली, “शपथ कशाला, दादा? मत द्या नायतर नका देऊ. भात तेवढा घरात आना.” तरी परतताना मी एकटाच दगडाला हात लावून आलो. उगाच कोणाची राहायला नको.

माणसं मत कशावर देतात याचा मी या दिवसांत फार विचार केला. शेजारची जनाबाई कपाटाला देते, कारण तिला शेठकडून कुकर मिळाला. कुकर ज्ञानेश्वरनंही वाटले, पण ते इतके लहान निघाले की घेणाऱ्या बायका अजून छत्रीचं नाव काढलं की भांडी आपटतात. भगीरथ छत्रीला देतो, कारण त्याचा बाप छत्रीला द्यायचा. बापाला त्यांनी काय दिलं होतं असं विचारलं तर म्हणाला, “मान दिला, चांगो. लग्नात पयल्या पंगतीला बसवला.” गावातली तरणी पोरं शेठच्या जेसीबीवर नाहीतर गाड्यांवर कामाला, ती दुसरीकडे जाणार कुठं? (बोकडाच्या जेवणाला मात्र सगळे सगळीकडे.) मला जे कळलं ते एवढंच, की ज्याच्याकडे काहीच नाही तो देणाऱ्याला मत देतो, आणि ज्याच्याकडे थोडंसं आहे तो ते काढून घेऊ शकणाऱ्याला देतो. मी थोडंसंवाल्यांतला. शेठनं मला काहीसुद्धा दिलं नाही, कुकरही नाही. गरजच नव्हती. गेटाची किल्ली त्याच्या कमरेला आहे, ती वाजली की माझं काम होतं.

मतदानाला शाळेत गेलो. बोटाला शाई लावून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो. समोर कपाट, छत्री, किटली, आणि डोळ्यांपुढे वाघोबा. कोणतंही बटण दाबलं तरी बाकीच्या शपथा मोडणारच होत्या. मग मला जे सुचलं ते आमच्या घराण्यात आजवर कोणाला सुचलं नसेल. डोळे घट्ट मिटले, ‘बाबा, तूच निवड’ म्हटलं आणि बोट पुढे केलं. मशीन वाजलं. तेव्हापासून मी मत कोणाला दिलं हे मला ठाऊक नाही. दारात शेठचा माणूस उभा होता. “काय चांगोदादा, कपाट ना?” मी म्हटलं, “वाघोबाला ठाव.” तो खूष झाला, खांद्यावर हात टाकून मला चहाला घेऊन गेला. तो चहा अजून पचलेला नाही.

निवडून आली हिरी. कशी आली कोणाला कळत नाही. गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या शपथा कपाट आणि छत्रीकडे जमा, आणि मतं निघाली किटलीची. शेठ ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे पारावर येऊन बसला आणि म्हणाला, “मी कोनाला काय विचारनार नाय. कोनाच्या दावनीचं जातंय ते वाघोबाच दाखवील.” आणि पुढच्याच आठवड्यात कमळूचा कुत्रा नाहीसा झाला! कमळू भारे आणायला गेटावर गेला तर राखणदार म्हणाला, “तुमच्यासाठी उघडायचं नाय.” आता कमळू लांबचा वळसा घेऊन ओढ्यातून भारे डोक्यावर आणतो, निम्मे भिजतात. आपण कपाटालाच मत दिलं असं तो शपथेवर सांगतो, पण शपथेवर आता कोण विश्वास ठेवणार? गावात प्रत्येकजण आपापली जनावरं घराच्या आत बांधतो. कोणाची कोंबडी दिसेनाशी झाली तर घरचे लोक ओटीवर येऊन ‘आज आमच्याकडं कोंबडीचं कालवण’ असं ओरडून सांगतात, आणि आत वालाची भाजी खातात.

आणि दादा, परवा आपली शेळी गेली. होय, तीच, तुम्ही शकूला दिलेली, काळी, डावा कान पांढरा. खुंट्याची दोरी जागेवरच होती, तुटलेली नव्हती, व्यवस्थित सोडलेली होती. (देव आहे तो, त्याला गाठ सोडता येत असणार.) जवळच पंजाचा ठसा. तो मी लांबूनच पाहिला, कारण जवळ जाऊन पाहिला असता तर खरा निघाला असता. शकूला सांगितलं तर ती रडलीसुद्धा नाही. ‘बरं’ म्हणाली आणि भाकऱ्या थापत राहिली. बिचारीला धक्का बसलाय. आदल्याच दिवशी मी म्हणत होतो की शेळी शेठच्या जेवणावळीला देऊन टाकू, म्हणजे आपल्यावर संशय येणार नाही. तेव्हा मला काय काय बोलली होती! आता ना शेठला, ना आम्हाला.

गावाला मी सांगितलंय की शेळी आजारी आहे, आत बांधली आहे. रोज सकाळी गोठ्यात जाऊन मी स्वतः बें बें करतो. या वयात हे करताना मला लाज वाटते, पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे. काल जनाबाई कुंपणावरून म्हणाली, “चांगो, शेलीला खोकला झालाय काय रे?” त्यातच येत्या रविवारी शेठचा आभारदौरा आहे. हरलेल्या माणसाचा आभारदौरा तुम्ही कधी ऐकलाय का? घरोघर येणार, हात जोडणार आणि गोठ्यात डोकावणार. बाकीच्यांपैकी कोणाचे भारे गेटातून सोडायचे ते त्यानंतर ठरणार. माझा गोठा रिकामा दिसला की गेट बंद.

असो. तुम्ही काळजी करू नका, तेवढ्यासाठी मी इथं आहेच. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा नवरा (एवढं तरी कोणी काढून घेऊ शकत नाही),
चांगो

ता. क. तुमच्या गोठ्यात एखादी काळी शेळी असली तर शनिवारी नवशाच्या टेम्पोत घालून पाठवा. डावा कान पांढरा हवा. नसला तर मी चुना लावीन. उजवा कान पांढरा असेल तर मात्र नको, शेठ बारकाईनं बघतो. दौरा झाला की परत पाठवतो.

आणखी ता. क. पत्र वाचून चुलीत घाला. चुलीत घालताना कोणी बघत नाही ना, तेही बघा.

दादा, मी शकू. पाकीट शितांनी चिकटवायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, म्हनून लिवते. शेळी तुझ्याकडं पोचली हे ह्यांना कळवू नको. नवशाच्या टेम्पोत मीच घातली, नायतर शेठच्या पंगतीत गेली असती. ठसा जनाबाईच्या कुत्र्याचा हाय. कमळूभावजींचा कुत्रा पन कोनी नेला नाय, धसईच्या बाजारात मटनवाल्याच्या फळीखाली बसतो, चांगला फुगलाय. मी भावजींना सांगितलं, पन शेठ कुत्रा बघायला थोडाच येनार, त्याला गेट बंद करायला निमित्त पायजे होतं.

आमाला बायकांना वाघोबाकडं कोनी नेलंच नाय, म्हंजे आमी मोकळ्या होतो. कुकर सगळींनी घेतले. भात बरा शिजतो.

पन ह्यांना हसू नको. भ्या मलापन वाटतं. भात खरंच पलीकडं पडलाय आनि आभाळ खरंच भरतंय. हिरीनं तहसीलदाराकडं अर्ज दिलाय, पन कागद हलंपर्यंत भाताला मोड येतील. रविवारी शेठ दारोदार आभार मानत फिरंल तेव्हा आमी बायका ओढ्यातून शेतात शिरून भारे डोक्यावर घेऊन गेटाशी येनार. बंद असलं तर तिथंच भारे ठेवून बसनार. किती जनी येतील ठाव नाय. जनाबाई येते बोलली, मग नाय बोलली, मग परत येते बोलली. ह्यांना अजून सांगितलं नाय, सांगितलं तर आदल्या दिशी वाघोबाकडं जाऊन आनखी एक शपथ घेऊन येतील.

शेळी पाठवू नको. गुडघा दुखत असला तरी तू ये.