तिघांच्या गोळ्या

ताई,
पाया पडतो.

आईचं डोकं वयामुळे फिरलेलं नाही. तिच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. म्हणून ती सारखी पाणी मागायची, पोट साफ होत नव्हतं, आणि परवा तर मलाच म्हणाली, "आपण कोण?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाडांच्या गोळ्या किती घेतात?" मी म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ, मीच देतो." वहिनी हळूच म्हणाली, "दुपारच्या मी देते." मग आईच्या पिशवीत तू पाठवलेली बाटली निघाली, अर्धी संपलेली. आपला कुणाचाच कुणावर भरवसा नाही, दुसरं काय!

सलाईन लावलं, गोळ्या बंद केल्या. आज ती भानावर आली. मी रागावलो तर म्हणते, "तुम्ही सगळे मायेनं देत होता. कुणाला नाही म्हणू रे, गाढवा?" ते 'गाढवा' ऐकलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

तुला हे कळलं तर तू तिकडे एकटी रडत बसशील, जेवणार नाहीस. म्हणून हे पत्र टाकत नाही. फोनवर सांगेन, गोळ्या मीच जास्त दिल्या. देवाला खरं सांगून ठेवलंय. तो आपल्या घरातलं बाहेर बोलत नाही.

तुझा,
धाकटा