जर्मन पंडिताने केलेला माझा घात

महाड, ता. ४ जानेवारी १९३४

ती. सोनबामामांस मैनेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सर्व बरे आहेत, मी सोडून. (सकाळपासून हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. दोनदा उठून अंगणात फेऱ्या मारल्या, एकदा दौत सांडली.) मला काही मागायचे नाही, फक्त सांगायचे आहे.

मी बी. ए. झाले तेव्हा हार्टविग नावाच्या जर्मन प्रोफेसराचे इंग्रजी चरित्र तुम्हीच मला दिलेत, तेव्हा दोष निम्मा तुमचा. आमच्या शाळेचे मुरारी गुरुजी निवृत्त होणार, त्या जागेसाठी मी अर्ज केला. कमिटी म्हणाली, आधी एक व्याख्यान द्या. मी हार्टविग निवडला. तीनशे वर्षांपूर्वीचा शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठापर्यंत अकरा दिवस चालत गेला, लढाईत विद्यापीठ बंद पडले तरी तळघरात शिकवत राहिला, ॲरिस्टॉटलवर लॅटिनमध्ये नऊ खंड लिहिले (ते कोणीच वाचले नाहीत). मला वाटले, ऐकून लोकांचे डोळे पाणावतील. डोळे मिटले. हैबतराव अध्यक्ष तर घोरत होते.

मग मी सहज सांगितले की तिकडे प्रोफेसर वारला की त्याच्या मुलीशी लग्न करणाऱ्याला पुष्कळदा ती जागा मिळे, आणि हार्टविगलाही तशीच मिळाली. सारी सभा जागी झाली. हैबतराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे जागा घरातच ऱ्हायली! शाणी मानसं हायत गो!" आता मुरारी गुरुजींचा मुलगा भिकू बिनलग्नाचा. तिकडे जावई, इकडे सून, एवढाच फरक, असे कमिटीने आभारप्रदर्शनाच्या आधीच ठरवून टाकले. भिकू सालस आहे. सातवीला तीनदा बसला, म्हणजे चिकाटीही आहे. बाबा खूश, एका अर्जात दोन कामे झाली. मी म्हटले, मला जागा माझ्या पदवीवर हवी. त्यावर गोदूआत्या म्हणाली, "आता नाय कशाला म्हनतेस? पुस्तकातलं हाय, अन् तूच वाचलंस!" माझी बी. ए. रुखवतात मांडायची वस्तू झाली, मामा.

मामींना नमस्कार.

तुमची
मैना

ता. क. व्याख्यान लांबू नये म्हणून मी पान १४२ खालची टीप गाळली होती. हार्टविग येण्यापूर्वी जागा दोन वर्षे रिकामी होती, तेव्हा वर्ग ती मुलगीच चालवत होती. जागा मात्र तिला दिली नाही.

आणखी ता. क. भिकू येत्या गुरुवारी बघायला येणार, कमिटीही जेवायला आहे. बुधवारच्या बोटीने दासगावला उतराच. (गुडघा असला तरी.) ती टीप त्यांच्यापुढे तुम्ही वाचा. मी वाचली तर म्हणतील, पोरीने मनचे घातले. टिपेत त्या मुलीचे नाव नाही, नुसते 'कन्या' आहे. शेजारी मी पेन्सिलीने 'मैना' लिहिले आहे, तेवढे मोठ्याने वाचू नका.