चार किलो दोनशे

आये,

तुझ्या नातीला परवा मुलगी झाली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन रडते. तू जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी हे आधी तुला सांगावंसं वाटलं, म्हणून बसलोय लिहायला.

नववा लागल्यावर पनवेलला शेवटची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात बाळाचं अंदाजे वजन चार किलो दोनशे. बायको खूश, "चांगलं गुटगुटीत आहे." मी मात्र तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात वजनकाट्यावर बसतो. काट्यानं आकडा दाखवला की तो खरा, ट्रकवाला कितीही भांडो. त्याच संध्याकाळी पोरीला म्हटलं, "सिझर करून टाकू." ती चिडली. "बाबा, डॉक्टर काही बोलल्या नाहीत, आणि तुम्हीच काय ठरवताय?" का ते मला सांगता येईना. बाबाचा डावा हात झाडावरून पडल्यामुळं वर जात नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शाळेत मला पोरं चिडवायची तेव्हा ती गोष्ट मीच रचली होती, आणि तू कधी खोडली नाहीस.

खरी गोष्ट तू एकदाच सांगितलीस. मी बारा-तेरा वर्षांचा. तू मला चुलीपुढं बसवून खांद्याला कोमट खोबरेल चोळते आहेस. दुपारी मिठागरावर पाटी डोक्यावर चढवताना माझा हात वर गेला नाही आणि मुकादम सगळ्यांसमोर हसला, तो राग घेऊन मी घरी आलोय. "असा का जन्माला घातलास मला?" तुझा हात थांबतो. "बाला, तू लय मोटा व्हतास. डोकं आलं नि खांदा अरकला. सुईनीनं वढून काडला. चूक माजीच हाय." तुझी चूक नाही, असं मी म्हणालो नाही. तुला तशीच बसवून बाहेर निघून गेलो.

पुढच्या तपासणीला मीही गेलो. डॉक्टर मॅडम जेमतेम पोरीच्या वयाच्या. त्यांच्यासमोर हात उचलून दाखवला, जिथं अडकतो तिथपर्यंत. "मॅडम, मी झाडावरून नाही पडलो. जन्मतानाच खांदा अडकला होता, सुईणीनं ओढून काढलं. म्हणून म्हणतो, सिझर करा." पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

मॅडम घाईत नव्हत्या. "काका, हे वजन काट्यावरचं नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून बांधलेला अंदाज आहे, आणि मोठ्या बाळात तो बराच चुकतो. हिची साखर ठीक आहे. खांदा अडकणारच नाही असं मी म्हणत नाही. पण सिझरलाही त्याचे धोके आहेत. आणि अडकलाच, तर काय करायचं ते आम्ही शिकलोय." मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "ठरवायचं तू." पोरगी म्हणाली, "नॉर्मलच बघू. पण कुठं अडलं तर लगेच सिझर."

निघताना दारात विचारलंच, "मॅडम, माझ्या वेळी चूक कुणाची होती?"

"कुणाचीच नाही. तेव्हा हातात काही मिनिटंच असतात. त्या सुईणबाईंनी ओढलं म्हणून तुम्ही इथं उभे आहात. आणि आईचा तर यात काहीच दोष नाही, काका."

परवा सकाळी दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो. नर्स बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगी. नॉर्मल झाली. तीन किलो सहाशे." मी विचारलं, "हात?" तिला कळेना. "काय हात?" तिनं दुपटं सोडलं. दोन्ही मुठी एकदम वर गेल्या, डावी जरा आधीच. मी इतका मोठ्यानं हसलो की बायकोनं मला दंडाला धरून खाली बसवलं. पोरगी आत थकलेली, पण धड होती.

हे पत्र कुठं टाकणार? घडी घालून कपाटात कपड्यांखाली ठेवीन. एकच राहिलं. त्या दिवशी मॅडमकडून निघाल्यावर मी पोरीला नि बायकोला फाटकाशी उभं केलं आणि गाडी काढायला मागं गेलो. अर्धा तास लागला. मागं कुणीतरी आडवी गाडी लावली होती, असं त्यांना सांगितलं. कुणीही लावली नव्हती, आये.